पाण्यातून इंधनबचत : दावा आणि हिशेब

(लखनौ येथे मराठीभाषक नागरिकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



पेट्रोलच्या दराचा विषय निघाला की पाण्यावर गाडी चालविण्याची चर्चाही हमखास निघते. बॉनेटखाली एक लहान उपकरण बसवायचे, गाडीतील विजेने त्यातील पाण्याचे अपघटन करायचे आणि तयार होणारा हायड्रोजन व ऑक्सिजन यांचा मिश्र वायू इंजिनात जाणाऱ्या हवेत सोडायचा, अशी ही कल्पना आहे. या वायूला 'हायड्रॉक्सी' वायू म्हणतात. त्यामुळे इंधनाची मोठी बचत होते, असा विक्रेत्यांचा दावा असतो. महिन्याचा खर्च आटोक्यात ठेवू पाहणाऱ्या कुटुंबाने त्यासाठी पैसे मोजण्यापूर्वी या दाव्याचा हिशेब तपासला पाहिजे.

कल्पनेचे मूळ निराधार नाही. हायड्रोजनची ज्योत वेगाने पसरते आणि त्याच्या साहाय्याने विरळ मिश्रणही चांगले जळते. दिल्लीत २०२० मध्ये सीएनजीत सुमारे १८ टक्के हायड्रोजन असलेल्या इंधनावर ५० बसगाड्यांची चाचणी सुरू झाली, ती याच गुणामुळे. परंतु तेथे हायड्रोजन आगारातील संयंत्रात तयार होत होता. मोटारीत तो इंजिनालाच स्वतःच्या शक्तीतून तयार करावा लागतो. प्रश्नाचे मर्म येथेच आहे.

ऊर्जेचा ताळेबंद

समजा, सहा घटांचे उपकरण १४ व्होल्टवर २० अँपिअर वीज घेते. म्हणजे २८० वॅट. त्यातून तासाला साधारण साडेचार ग्रॅम हायड्रोजन मिळेल. तो जळून सुमारे १५० वॅट उष्णता देईल. तीच २८० वॅट वीज निर्माण करताना अल्टरनेटर आणि इंजिन या दोन्ही ठिकाणी ऊर्जा वाया जाते. ती धरली तर पावणेदोन किलोवॅटहून अधिक इंधन-ऊर्जा खर्ची पडते. थोडक्यात, बारा रुपये देऊन एक रुपया परत घेण्याचा हा व्यवहार आहे. पाण्याला इंधन म्हणता येत नाही. हायड्रोजन जळून झाल्यावर उरणारी ती राख आहे.

इंजेक्शनच्या गाड्यांतील अडचण

इंधन-इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीतील संगणक निकासवायूतील ऑक्सिजन मोजतो आणि एक भाग पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा हे प्रमाण राखतो. हायड्रॉक्सी वायूतील हायड्रोजनला लागणारा ऑक्सिजन त्या वायूतच असल्याने संगणकाला पेट्रोल कमी करण्याचे कारण उरत नाही. म्हणून काही विक्रेते संवेदकाचा संदेश बदलणारा जोडभाग सोबत देतात. त्यामुळे पेट्रोल कमी सुटते आणि मिश्रण विरळ होते. मग जी थोडी बचत दिसते, ती या विरळपणाची असते. तिची किंमत मात्र शहराला मोजावी लागते. कारण जादा ऑक्सिजन असताना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे विघटन नीट करू शकत नाही.

लखनौला हे परवडणारे नाही. एप्रिल २०१० मध्ये भारत स्टेज-४ निकष लागू झालेल्या पहिल्या १३ शहरांत मुंबई, पुणे, सोलापूर यांच्याबरोबर लखनौही होते. येथील भारतीय विषविज्ञान संशोधन संस्था पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर या शहराच्या हवेची पाहणी करते. अशा प्रयत्नांतून साधलेले थोडेबहुत यश आपणच का गमवावे?

नागरिकांनी काय करावे?

'मायलेज वाढले' हा अनुभव पुरावा ठरत नाही. नवे उपकरण बसविल्यावर चालक आपोआप सांभाळून गाडी चालवितो. रेल्वेची लखनौतील संशोधन अभिकल्प आणि मानक संघटना डिझेल इंजिनांचा इंधनवापर चाचणी-मंचावर मोजते, तो ठरावीक भार आणि ठरावीक वेग यांवर. विक्रेत्याकडे अशाच चाचणीचा अहवाल मागावा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत मनाप्रमाणे बदल करण्यावर बंधने आहेत, हेही ध्यानात ठेवावे.

खरी बचत साध्या गोष्टींत आहे : टायरमधील हवेचा योग्य दाब, स्वच्छ एअर फिल्टर, ताशी ४५ ते ५५ किलोमीटरचा संथ वेग आणि सिग्नलवर इंजिन बंद ठेवण्याची सवय. हायड्रोजनलाही भवितव्य आहेच. जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानात सौर व पवन विजेपासून तो तयार करण्यावर भर आहे. तेथे ऊर्जा बाहेरून येते.

वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे राज्यघटनेच्या कलम ५१-क नुसार प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे. हिशेब मागणे ही त्या कर्तव्याची पहिली पायरी होय.