तीन मिनिटांचें गाणें

गाण्यालाही घर असतें, असा आपल्याकडील जुना समज होता आणि तो खराही होता. ओवी जात्यापाशीं, भलरी शेतांत, अभंग देवळांत, लावणी तमाशाच्या बोर्डावर आणि पद नाटकगृहांत. जुन्नर तालुक्यांत ओतूरहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या वाटेवर डिंगोरे गांव आहे. अशा गांवीं कोणतें गाणें केव्हां व कोठें ऐकावयास मिळेल, हें लहान मुलालाही ठाऊक असे. पहांटे ओवी, एकादशीला भजन आणि जत्रेला तमाशा. त्याच तालुक्यांत नारायणगांवीं जत्रांच्या हंगामापूर्वीं फडांच्या राहुट्या पडतात आणि गांवोगांवचे पंच तेथें जाऊन सुपारी देतात. गाणें हवें असेल तर गाणाऱ्याला बोलावून आणावें लागतें, हा त्या व्यवहाराचा अर्थ.

विसाव्या शतकाच्या आरंभीं हा नियम मोडला. १९०२ सालीं कलकत्त्यास गाण्यांचें पहिलें ध्वनिमुद्रण झालें, आणि गाणारा एकीकडे व गाणें दुसरीकडे, असा चमत्कार लोकांच्या अनुभवास येऊं लागला. ग्रामोफोनला वीज लागत नसे. किल्ली द्यावी, सुई बदलावी व तबकडी फिरवावी, एवढेंच काम. तबकडीही कांहीं परदेशी जादूची वस्तु नव्हती. पळस, बोर, कुसुंब यांसारख्या झाडांवर किडे जी लाख करतात, त्या लाखेंत दगडाची पूड मिसळून ती घडविलेली असे. झाडावरची लाख गाऊं लागली, असें एखाद्या खेडुतानें म्हटलें असतें, तर तें अक्षरशः सत्यच ठरलें असतें.

परंतु यंत्र नवें असलें तरी त्यांत भरलेलीं मराठी गाणीं बहुधा जुन्याच घरांतलीं होतीं. नाट्यपदें, लावण्या, भजनें, बैठकींतल्या चिजा. तबकडीकरितां म्हणून जन्मलेलें, आणि जणूं एकाच ऐकणाऱ्याच्या कानाशीं बोलणारें गाणें अद्याप यावयाचें होतें. १९३० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत तें आलें. मराठी भावगीताच्या ध्वनिमुद्रणाचा आरंभ म्हणून जिचें नांव सामान्यतः घेतलें जातें, ती ‘शीळ’ या गीताची तबकडी ‘हिज मास्टर्स व्हॉइस’नें काढली. शब्द ना. घ. देशपांडे यांचे, चाल आणि आवाज जी. एन. जोशी यांचा. दोघेही १९०९ सालीं जन्मलेले, दोघेही विदर्भांतले, आणि दोघेही कायद्याचें शिक्षण घेतलेले. गायकाचें नांव कोणत्याही नाटक मंडळीच्या जाहिरातीवर नव्हतें, आणि कवीचा एकही काव्यसंग्रह निघालेला नव्हता.

या गाण्यांत काय होतें? रानांतून एक शीळ येते आणि ती ऐकून एका खेड्यांतल्या तरुणीचें मन अस्वस्थ होतें. कथानक म्हणावें तर एवढेंच. कवि सुशिक्षित, पण बोलणें रानांतलें. ‘बाई’ हें संबोधन जात्यावरच्या ओव्यांत पदोपदीं येतें; मैत्रिणीला, शेजारणीला, किंवा कोणी नसेल तर स्वतःलाच उद्देशून तें म्हटलेलें असतें. तेंच संबोधन या गीतांत आहे. त्यामुळें शहरांतल्या दिवाणखान्यांत तें नवें वाटलें, आणि डिंगोऱ्यासारख्या गांवीं जेथें कोठें ऐकूं गेलें असेल, तेथें तें ओळखीचें वाटावें असेंच होतें. मात्र ओवी ही साऱ्या बायकांची. तिला कर्ता नाहीं, आणि ज्या बाईनें ती म्हटली तिचें नांवही कोठें लिहिलेलें नाहीं. ‘शीळ’ ही एका कवीची, एका गायकाची, आणि तबकडीवर छापलेल्या नांवाची. लोकगीताचा सूर आणि व्यक्तीची सही यांचा हा संगम होता.

हा संगम त्याच काळीं कां घडला, याचें उत्तर कांहीं अंशीं यंत्रांत आहे. १९२५ पूर्वीं गायकाला मोठ्या कर्ण्यांत तोंड घालून जोरानें गावें लागे, कारण आवाजाच्या धक्क्यानेंच सुई हलत असे. नाटकगृहांतही शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोंचवावयाचा, म्हणून वरची पट्टी व खडा आवाज हेंच गायकाचें भूषण. पुढें विजेवर चालणारा मायक्रोफोन आला आणि हळूं उच्चारलेला शब्द, श्वासाचा चढउतार, हेंही तबकडीवर उमटूं लागलें. मनांतल्या मनांत बोलावें तसें गाणें आतां शक्य झालें. भावगीताचा जन्म कवीच्या मनांत झाला हें खरें. पण त्याला आवाज दिला तो मायक्रोफोननें.

दुसरें कारण वेळेचें. दहा इंची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई व एका बाजूस सुमारें तीन मिनिटें गाई. तासभर चालणारा ख्याल या मापांत कोंबावा लागे, म्हणून बुवांना तें बंधन जाचक वाटल्यास नवल नाहीं. पण एका भावनेच्या चार-पांच कडव्यांना तें माप अंगरख्यासारखें बसलें. जेथें शास्त्रीय गायनाचा संकोच झाला, तेथें छोट्या कवितेला ऐसपैस जागा मिळाली. हें माप पुढें जगभर रूढ झालें. १९४९ सालीं अमेरिकेंत ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी निघाली, आणि एकच गाणें पुढें करून नव्या गायकाची ओळख करून देण्याची रीत तिच्यामुळें अधिकच बळावली. स्वीडनची गायिका रॉबिन हिचा पहिला संग्रह १९९५ सालचा. त्यांतील ‘शो मी लव्ह’ हें गीत १९९७ सालीं अमेरिकेंत गाजलें, तेव्हां तेथील बहुसंख्य श्रोत्यांनीं संग्रह नव्हे, एक गाणेंच प्रथम ऐकलें. ‘शीळ’च्या बाबतींत जें घडलें, त्याचाच हा दूरचा पडसाद होय.

‘शीळ’चें नवल तर याहून मोठें आहे. देशपांडे यांचा ‘शीळ’ हा काव्यसंग्रह १९५४ सालीं प्रसिद्ध झाला. म्हणजे पुस्तक वाचकांच्या हातीं येण्यापूर्वीं सुमारें वीस वर्षें तें गीत लोकांच्या कानीं व ओठीं होतें. कवि मेहकरला वकिली करीत राहिला, आणि त्याचा शब्द त्याच्या आधींच महाराष्ट्रभर हिंडून आला. पुढें १९८६ सालीं ‘खूणगाठी’ या संग्रहास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पण पुष्कळांनीं हें नांव प्रथम ओळखलें तें तबकडीच्या द्वारां. जोशी १९३८ सालीं त्याच ग्रामोफोन कंपनींत ध्वनिमुद्रणाचे अधिकारी झाले. १९६७ सालची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही शिवकुमार शर्मा, ब्रिजभूषण काब्रा व हरिप्रसाद चौरसिया यांची प्रसिद्ध तबकडी त्यांच्याच देखरेखीखालीं निघाली. तींत काश्मीरच्या एका मेंढपाळाचा दिवस वाद्यांतून रंगविला आहे. रानांतल्या शिळेनें ज्याचा आरंभ झाला, त्याच्या हातून रानांतलेंच दुसरें चित्र घडावें, हा योग सुंदर खराच.

या साऱ्यावर एक गंभीर आक्षेप आहे. तयार गाणें घरांत आलें म्हणजे माणसें गाणें सोडतात. पूर्वीं गांव गात असे, आतां गांव ऐकतें, असें म्हणतात. आक्षेपांत तथ्य आहे, परंतु सारा दोष तबकडीवर घालणें न्यायाचें नव्हे. जात्यावरची ओवी थांबली ती मुख्यतः पिठाची गिरणी आल्यामुळें. त्या गिरणीनें बाईच्या दंडांवरचा भार उतरविला, आणि त्या भाराबरोबर गाणेंही उतरलें. हेमा राईरकर व गी पॉइटव्हँ यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह पुणें जिल्ह्यांत व इतरत्र खेडोपाडीं फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि त्यांतील पुष्कळ ध्वनिमुद्रितही केल्या. ज्या यंत्रानें गाणें हिरावल्याचा आरोप, त्याच यंत्रानें त्या बायकांचे आवाज राखून ठेविले आहेत.

तेव्हां प्रश्न यंत्राचा नसून गाण्याच्या परतीचा आहे. जें गाणें तबकडींतच राहतें, तें तिच्याबरोबर झिजतें व तिच्याबरोबर फुटतें. लाखेच्या त्या तबकड्यांचा काळ केव्हांच संपला. त्यांच्या मागून आलेल्या फितीही गेल्या. ‘शीळ’ मात्र राहिली, कारण ती यंत्रांतून उतरून माणसांच्या तोंडीं बसली. डिंगोऱ्याच्या शिवारांत आज एखाद्याच्या खिशांतल्या फोनमध्यें साऱ्या पृथ्वीचीं गाणीं सांपडतील, स्वीडनचेंही सांपडेल. त्यांपैकीं कोणतें जगेल हें ठरविण्याची कसोटी मात्र जुनीच आहे. फोन बंद केल्यावर, बांधावरून घरीं परततांना, कोणतें गाणें त्या माणसाच्या ओठांवर आपोआप येतें, तें पाहावें.