पायाच्या मापाचा बूट

माणसाच्या एका पावलात 26 हाडे आणि तीसहून अधिक सांधे असतात. चालताना टाच टेकते, भार पावलाच्या बाहेरच्या कडेने चवड्यावर येतो आणि शेवटी अंगठ्याच्या जोरावर पाऊल उचलले जाते. दर पावलाला हे सांधे थोडे पसरतात, थोडे आवळतात. ही हालचाल अडणार नाही, पण पाऊल आत घसरणारही नाही, असा बूट पायाला बरोबर बसला असे म्हणता येते. दुकानात मात्र बहुतेकदा आधी रंग ठरतो, मग किंमत, आणि मापाचा आकडा गेल्या वेळचाच सांगितला जातो.

माप उभे राहूनच घ्यावे. बसलेल्या माणसाच्या पायावर भार नसतो. उभे राहिले की तळव्याची कमान थोडी दबते आणि पाऊल लांबीला व रुंदीला वाढते. घरच्या घरी माप घ्यायला कोरा कागद आणि पेन्सिल पुरते. कागदावर उभे राहावे, दुसऱ्या कोणी पेन्सिल सरळ उभी धरून पावलाभोवती रेघ ओढावी, आणि टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंत मोजावे. हे लांब बोट अंगठाच असेल असे नाही. पुष्कळांचे अंगठ्याशेजारचे बोट लांब असते. दोन्ही पाय मोजावेत, कारण ते क्वचितच अगदी सारखे असतात, आणि खरेदी मोठ्या पायाच्या मापाने करावी. दिवसभराच्या उभे राहण्या-चालण्याने पाय थोडे सुजतात, म्हणून सकाळी अगदी नेमका बसलेला बूट संध्याकाळी आवळतो. बूट घ्यायला दुपारनंतर जावे, आणि जे मोजे रोज घालायचे तेच घालून जावे.

आकड्यांचा घोळ समजून घेतलेला बरा. आपल्याकडे रूढ असलेल्या इंग्रजी पद्धतीत एका नंबरापासून पुढच्या नंबरापर्यंतचे अंतर इंचाचा तिसरा भाग, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटर असते. मुलांचे नंबर 13 पर्यंत जातात आणि तिथून पुन्हा 1 पासून मोठ्यांचे सुरू होतात. युरोपीय पद्धतीत हेच अंतर सुमारे पावणेसात मिलिमीटर आहे. दोन्ही आकडे लांबीचे आहेत. रुंदीबद्दल ते काहीच सांगत नाहीत. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरातील एक लाखाहून अधिक लोकांची पावले मोजली, तेव्हा भारतीय पाऊल पाश्चात्त्य पावलापेक्षा रुंद असल्याचे दिसले. त्यामुळे परदेशी साच्यावर घडवलेला बूट लांबीला बरोबर असूनही करंगळीच्या बाजूला दाबतो. अशा वेळी लोक एक नंबर मोठा घेतात. मग रुंदीचा प्रश्न सुटतो, पण टाच सैल होऊन घासू लागते. नंबर वाढवण्यापेक्षा पुढून रुंद असलेला दुसरा नमुना पाहणे हाच उपाय आहे.

दुकानात दोन्ही पायांत बूट घालावेत, नाडी नीट बांधावी आणि उभे राहावे. सर्वांत लांब बोटापुढे साधारण अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. बोटे आत हलवता आली पाहिजेत. चालताना टाच वर निसटू नये. बूट हातात घेऊन वाकवून पाहावा: जिथे पाऊल वाकते, म्हणजे चवड्यापाशी, तिथेच तो वाकला पाहिजे. मधोमध दुमडणारा बूट कमानीला आधार देत नाही. गालिच्यावर दोन पावले टाकून निर्णय घेऊ नये. फरशीवर चांगले फिरून पाहावे. बूट चावत असेल तर ‘घालून घालून सैल होईल’ हे दुकानदाराचे म्हणणे अर्धेच खरे असते. खरे कातडे रुंदीला थोडे सैलावते, लांबीला नाही; रेक्झिन जवळजवळ सैलावतच नाही. कोल्हापुरी चप्पल वापराने पायाचा आकार घेते, पण तिथेही टाच तळाच्या बाहेर जाता कामा नये.

मोठ्या माणसांचे माप वाढीचे वय संपल्यावर कायमचे ठरते, हाही समज चुकीचा आहे. वयाबरोबर पावलातले बंध सैल होतात आणि पाऊल पसरते. गरोदरपणातही पाऊल वाढते, आणि बाळंतपणानंतर ते नेहमी पूर्ववत होतेच असे नाही. वर्षानुवर्षे आवळ बूट घातले की भोवरी, कुरूप, मांसात रुतलेले नख आणि करंगळीच्या दिशेने वाकलेला अंगठा हे त्रास जडतात. उंच टाचेच्या निमुळत्या बुटात शरीराचा भार चवड्यावर लोटला जातो, म्हणून ते रोजच्या वापराचे नव्हेत. मधुमेह्यांनी सर्वांत जास्त जपावे. पायाची संवेदना कमी झालेल्या माणसाला बूट चावलेला कळत नाही आणि लहान फोडाची जखम होते. त्यांनी बूट घालण्याआधी आत हात फिरवून खडा, टोचणारा खिळा किंवा उसवलेली शिवण नाही ना हे पाहावे, नव्या बुटाचा वापर थोड्या थोड्या वेळाने वाढवावा आणि रोज तळवे तपासावेत. मायक्रोसेल्युलर रबराच्या मऊ तळाच्या चपला अशा पायांसाठी मिळतात. त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्याव्यात.

मुलांची गोष्ट निराळी आहे. लहान मुलाच्या पावलातला बराच भाग कूर्चेचा असतो, आणि मऊ पाऊल आवळ बुटात तक्रार न करता मावते. मूल काही बोलत नाही म्हणून बूट बरोबर आहे असे समजू नये. पहिल्या तीन-चार वर्षांत पाऊल वर्षाला साधारण दोन नंबर वाढते, पुढे सुमारे एक. तेव्हा लहानग्यांचे माप दर दोन-तीन महिन्यांनी आणि शाळकरी मुलांचे वर्षातून दोनदा तरी घ्यावे. बुटाचे टोक बाहेरून दाबून पाहिले की मूल बोटे आखडून घेते, आणि अंदाज चुकतो. त्यापेक्षा बुटातला सुटा तळ बाहेर काढावा, त्यावर मुलाला उभे करावे आणि बोटांपुढे किती जागा उरते ते पाहावे. एक-सव्वा सेंटिमीटर उरली तर पुरे. ‘दोन वर्षे चालतील’ म्हणून मोठे बूट घेऊन पुढे कापूस कोंबण्याने मूल अडखळते आणि चालच बिघडते. मोठ्या भावंडाचे वापरलेले बंद बूटही धाकट्याला देऊ नयेत, कारण त्यांनी पहिल्या पायाची ठेवण घेतलेली असते.

मणिपालच्या डॉक्टरांनी 4 ते 13 वयाच्या 2300 मुलांच्या पावलांचे ठसे तपासून 1992 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पादत्राणे वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्यांचे प्रमाण 8.6 टक्के, तर अनवाणी मुलांत 2.8 टक्के होते. त्यातही बंद बूट वापरणाऱ्यांत ते सर्वाधिक, आणि सँडल वा चपला घालणाऱ्यांत कमी होते. सपाट तळवा बहुतेक मुलांना त्रास देत नाही, पण पावलाला मोकळीक हवी हे यातून स्पष्ट होते. म्हणून घरात, स्वच्छ जागेत, मुलांना अनवाणी खेळू द्यावे.

महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी शाळा जूनमध्ये, ऐन पावसात सुरू होतात. काळे बंद बूट पहिल्याच आठवड्यात भिजतात, रात्रीत वाळत नाहीत, आणि ओल्या मोज्यांत तासन्‌तास राहिलेल्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. गणवेशाच्या शिस्तीपायी मुलांच्या पायांना ही शिक्षा नको. शाळांनी निदान पावसाळ्याचे चार महिने मागे पट्टा असलेल्या सँडल चालवून घ्याव्यात, आणि पालकसभेत पालकांनी ही मागणी आवर्जून करावी.