न दुखणारा डोळा



मी डॉक्टर नाही, पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. पण ३ वर्षांच्या मुलीला संधिवात झाला की बाप बरंच काही शिकतो. आजचा निधी ज्या तपासणीसाठी जमा होतोय, तिच्याबद्दल दोन शब्द बोलतो.

"एवढ्याशा पोरीला संधिवात?" असं सगळेच विचारतात. हो, होतो. वयाच्या १६ वर्षांच्या आत सुरू होणाऱ्या या आजाराला जुव्हेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस म्हणतात. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. यातल्या साधारण १० ते २० टक्के मुलांच्या डोळ्याच्या आतही सूज येते. तिचं नाव यूव्हिआयटिस.

दुर्दैव असं, की हा डोळा बहुधा लाल होत नाही, दुखतही नाही. मूल मजेत खेळत असतं. आमच्या धंद्यात एरर न दाखवता डेटा बिघडवणारा बग सगळ्यात वाईट. हा तसाच. लक्षात येईपर्यंत बाहुलीची कड मागच्या भिंगाला चिकटलेली असते, कधी मोतीबिंदू, कधी काचबिंदू झालेला असतो. नजर कायमची जाऊ शकते. आणि गुडघ्याची सूज उतरली म्हणून डोळा ठीक, असं अजिबात समजू नका. सांधे शांत असतानाही डोळ्यात सूज येऊ शकते.

शाळेत अक्षरांचा तक्ता वाचून हे कळत नाही. त्यासाठी डोळ्यांच्या डॉक्टरांकडचं स्लिट लॅम्प यंत्रच लागतं. अमेरिकन कॉलेज ऑफ रूमॅटॉलॉजीच्या २०१९ च्या सूचनांप्रमाणे जास्त धोका असलेल्या मुलांची तपासणी दर ३ महिन्यांनी व्हावी, बाकीच्यांची ६ ते १२ महिन्यांनी.

वेळेवर सापडलं तर उपाय आहेत. आधी स्टेरॉइडचे थेंब, पण तेच फार काळ घातले तर त्यांनीही मोतीबिंदू आणि काचबिंदू होऊ शकतो. म्हणून पुढे मेथोट्रेक्सेट, आणि गरज पडली तर अडालिमुमॅबची इंजेक्शनं. या दोन औषधांची जोडी एकट्या मेथोट्रेक्सेटपेक्षा सरस ठरते, हे ब्रिटनमधल्या सायकामोर चाचणीने २०१७ साली दाखवून दिलं.

इथे अमेरिकेत ज्या घरात विमा नाही, तिथे खर्चाला पहिली कात्री लागते ती याच तपासणीला. "पोरगी तर बरी दिसतेय, पुढच्या वेळी बघू!" आईबापांचं चुकतं असं नाही, डोळा काही सांगतच नाही ना!

तेव्हा मंडळी, आज हात जरा सैल सोडा. तुमच्या चेकमुळे एखाद्या मुलाची ३ महिन्यांची तारीख चुकणार नाही.