ऐकणाऱ्याचे ऋण
(देवस्थानच्या उत्सवप्रसंगी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



उत्सवातील कार्यक्रमांची चर्चा निघाली की अलीकडे एक तक्रार हमखास कानी येते. तरुणांना चांगले संगीत नको, सिनेमाची गाणी तेवढी हवीत आणि मोबाइलची बोंडे कानांत घालून तीच ती दिवसभर ऐकत बसतात, अशी ती तक्रार. वडीलधाऱ्यांच्या या म्हणण्यात काही तथ्य असेलही. परंतु दोष गाण्याचा की ऐकण्याचा, याचा निवाडा आधी व्हावयास हवा.

सिनेमाच्या गाण्यावरील रोष नवा नाही. १९५२ साली केंद्रीय मंत्री डॉ. बा. वि. केसकर यांच्या कारकीर्दीत आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. शास्त्रीय संगीताला त्यामुळे अधिक वेळ मिळाला, हे योग्यच झाले. पण श्रोत्याचा कान हुकुमाने वळत नाही. लोकांनी रेडिओचा काटा सिलोनकडे फिरविला आणि त्याच वर्षी सुरू झालेली अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ घरोघर पोहोचली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीलाच ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. बंदी घालून रुची सुधारत नाही, हा धडा त्यातून घ्यावयाचा.

लहान गाणे म्हणजे हलके गाणे, हाही एक गैरसमज आहे. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-चार मिनिटांहून अधिक गाणे मावत नसे. फोंडा महालातील केरी गावच्या केसरबाई केरकर मैफलीत एकेक राग सावकाश, विस्ताराने मांडीत. तरीही त्यांचा जो स्वर सर्वांत दूर गेला, तो सुमारे साडेतीन मिनिटांच्या भैरवीचा. १९७७ साली अमेरिकेने अंतराळात सोडलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर पृथ्वीवरील संगीताची सोनेरी तबकडी आहे. तिच्यात भारतीय संगीतापैकी एवढी एकच चीज आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात केसरबाई निवर्तल्या.

शिवाय, सिनेमाच्या गाण्याला परके मानणे गोमंतकीयांना तर मुळीच शोभत नाही. मंगेशीचे मास्टर दीनानाथ यांची कन्या लता मंगेशकर त्या गाण्याचा प्राण ठरल्या, हे सर्वश्रुतच आहे. परंतु त्या गाण्यामागील वाद्यमेळात गोव्याच्या चर्चसंगीतात वाढलेले कितीतरी वादक होते, याची आठवण फार थोड्यांना असते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे संगीतकार प्यारेलाल यांचे व्हायोलीनचे गुरू. सेबास्तियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या गीतांचा वाद्यमेळ बांधला. देवळाच्या चौकातला स्वर आणि चर्चमधले व्हायोलीन अशा रीतीने एकाच गाण्यात नांदले.

या वादकांची नावे मात्र तबकडीवर सहसा येत नसत. गायकांचीही कथा पुष्कळदा तीच. १९४९ च्या ‘महल’ चित्रपटातील ज्या गीताने लताबाई प्रसिद्धीस आल्या, त्याच्या मूळ तबकडीवर गायिका म्हणून ‘कामिनी’ हे चित्रपटातील पात्राचे नाव छापलेले होते. गाणे देशभर गाजले, पण ते कोणी गायिले हे तबकडी विकत घेणाऱ्यालाही कळेना.

येथे देवस्थानांनीही स्वतःकडे वळून पाहणे प्राप्त आहे. गोमंतकातील देवळांत पिढ्यान्‌पिढ्या जे गायन झाले, ते प्रामुख्याने कलावंत घराण्यांतील स्त्रियांनी जोपासले. केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर त्याच परंपरेतून वर आल्या, आणि दोघींनीही अल्लादिया खाँसाहेबांकडे कठोर परिश्रमाने विद्या संपादन केली. महाजन घराण्यांनी अशा कलावतींचे गाणे ऐकले, वाखाणले, बिदागीही दिली. बरोबरीचा मान मात्र दिला नाही. देवाच्या सेवेच्या नावाखाली त्या घरांतील कित्येक मुलींच्या वाट्याला जे आले, त्याचे समर्थन आज कोणी करू धजणार नाही. केसरबाईंना १९६९ साली आणि मोगूबाईंना १९७४ साली सरकारने पद्मभूषण दिले. वस्तुतः तो मान गावाने आधी द्यावयास हवा होता.

तात्पर्य, ऐकणे ही फुकटची गोष्ट नाही. ऐकणाऱ्यावर गाणाऱ्याचे ऋण चढते. ते पैशाने अर्धेच फिटते. उरलेले अर्धे लक्ष देऊन आणि नाव घेऊन फेडावयाचे असते.

या कसोटीवर उत्सवातील आजचे चित्र तपासावे. पहाटेपासून कर्ण्यावर भक्तिगीते लागतात. खाली नारळ मोजले जातात, पंक्तींची तयारी होते, गप्पा रंगतात. गीताकडे कोणाचेही लक्ष नसते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा कर्ण्याला मनाई केली, ती शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या झोपेसाठी. उरलेल्या वेळी गाण्याचा मान राखण्याचे काम मात्र कोणत्याही नियमाने होणार नाही. याउलट, मोबाइलवर एकच गाणे दहा वेळा लावून त्यातील व्हायोलीनची जागा शोधणारा मुलगा खरा श्रोता आहे. त्याला हटकण्यापूर्वी, तो काय ऐकतो हे वडीलधाऱ्यांनी त्याच्याशेजारी बसून एकदा ऐकावे. मग त्यालाही चौकातल्या बैठकीस येऊन बसावेसे वाटेल. मात्र गाणे अर्धवट तोडून पुढच्या गाण्यावर बोट नेण्याची त्याची सवय सुटली पाहिजे, हेही त्याला प्रेमाने सांगावे.

याकरिता समितीने तीन साध्या गोष्टी कराव्यात. पालखी चौकात असेपर्यंत कर्णा बंद ठेवावा. सनई-चौघडा आणि प्रत्यक्ष गायनच कानी पडू द्यावे. गायक-गायिकेबरोबर तबला, हार्मोनियम व सनई वाजविणाऱ्यांची नावेही त्याच आदराने पुकारावीत. आणि तिसरी गोष्ट दप्तराची. खर्चाच्या वहीत ‘गायन-वादन’ या सदरासमोर नुसती रक्कम राहते. तिच्याशेजारी नावांचा रकाना आखावा आणि वृद्धांच्या स्मरणात असलेली मागील नावेही वेळीच उतरवून घ्यावीत. पंचवीस वर्षांनी वही उघडणाऱ्यास तेल किती लागले हे जसे कळते, तसेच देवापुढे कोण गायिले हेही कळावे.

असे ऐकण्याची सद्बुद्धी श्रींनी सर्वांस द्यावी, हीच प्रार्थना.