कोरा चौकोन

(वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



संयोजकांनी मला विषय विचारला तेव्हा मी 'तरुण मुलांचा आत्मशोध' असं मोघम काहीतरी सांगून ठेवलं होतं. त्यानंतर एक संध्याकाळ अशी आली की विषय आपणहून ठरला.

माझी भाची 27 वर्षांची आहे, पुण्यात नोकरी करते. मी मटार सोलत बसले होते. ती आली, पर्स खाली टाकली आणि शेंगांच्या टोपलीशेजारी मोबाइल ठेवून म्हणाली, "मावशी, हे बघ." पडद्यावर बसलेल्या माणसाची रेखाकृती होती. तिच्या डोक्यापासून खालपर्यंत नऊ आकृत्या होत्या, काही त्रिकोण, काही चौकोन. काही रंगवलेल्या, काही कोऱ्या, आणि त्यांना जोडणाऱ्या नळ्या. तिनं खालून दुसऱ्या चौकोनावर बोट ठेवलं. "हे सेक्रल. माझं कोरं आहे, म्हणून मी दमते. आई मला आळशी म्हणते. मी आळशी नाहीये गं, मी प्रोजेक्टर आहे." हे सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी बत्तीस वर्षं महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवलं. त्या वेळी माझ्याकडे तिला सांगण्यासारखं बरंच काही होतं, पण मी बोलले नाही. त्या पाण्याचा मान ठेवावा असं वाटलं. नंतरचे काही महिने मी त्या तक्त्याचा अभ्यास केला. तोच आज तुमच्यापुढे मांडते आहे.

या पद्धतीचं नाव 'ह्यूमन डिझाइन' आणि त्या तक्त्याचं नाव 'बॉडीग्राफ'. ॲलन रॉबर्ट क्रॅकोवर हा मूळचा कॅनडातल्या माँट्रियलचा माणूस, जाहिरात आणि प्रकाशनाच्या व्यवसायातला. सगळं सोडून तो स्पेनच्या इबिझा बेटावर जाऊन राहिला. जानेवारी 1987 मध्ये आठ दिवस आणि आठ रात्री एका 'आवाजा'नं आपल्याला ही सगळी विद्या सांगितली, असं त्यानं पुढं जाहीर केलं. त्यानं 'रा उरु हू' हे नाव घेतलं आणि 2011 मध्ये मृत्यू येईपर्यंत तो हेच शिकवत राहिला.

तक्ता कसा बनतो ते नीट समजून घेऊ. जन्मवेळेचे सूर्य, पृथ्वी, चंद्र, राहू, केतू आणि बुधापासून प्लूटोपर्यंतचे ग्रह असे तेरा बिंदू घेतात. हो, राहू-केतूसुद्धा आहेत. मग सूर्य 88 अंश मागे होता त्या क्षणाचे, म्हणजे जन्माच्या सुमारे तीन महिने आधीचे, आणखी तेरा. पहिले काळ्या रंगात, कारण ते तुमच्या जाणिवेतले. दुसरे लाल, म्हणजे देहाचे, नेणिवेतले. राशिचक्राच्या 360 अंशांचे 64 भाग पाडलेले असतात आणि प्रत्येक भागाला चिनी 'यी चिंग' ग्रंथातल्या 64 षट्रेखाकृतींपैकी एक नेमून दिलेली असते. या भागांना 'गेट' म्हणतात, आपण दार म्हणू. या बिंदूंपैकी एखादा ज्या भागात येतो, ते दार उघडतं. नळीच्या दोन्ही टोकांची दारं उघडली की नळी भरते आणि तिनं जोडलेली दोन्ही केंद्रं, म्हणजे त्या नऊपैकी दोन आकृत्या, रंगतात. अशा नळ्या 36. नळ्यांची ही रचना ज्यू गूढविद्येतल्या, कबालातल्या, जीवनवृक्षावरून घेतलेली आहे आणि केंद्रांची कल्पना आपल्या चक्रांवरून.

रंगलेलं केंद्र म्हणजे तुमची स्वतःची, कायमची ऊर्जा. कोरं केंद्र म्हणजे तिथं तुम्ही दुसऱ्यांची ऊर्जा आत घेता आणि ती वाढवून अनुभवता. सेक्रल रंगलेले ते जनरेटर, कष्टाचे, न थकणारे. ही पद्धत सांगते की सुमारे 70 टक्के माणसं अशी आहेत. त्यांनी स्वतःहून सुरुवात करू नये, समोर येईल त्याला आतून 'हं' येतो का ते पाहावं. मॅनिफेस्टर म्हणजे पुढाकार घेणारे. त्यांनी फक्त इतरांना आधी कळवावं. प्रोजेक्टर हे मार्गदर्शक, पाचात एक. त्यांनी बोलावण्याची वाट पाहावी, नाहीतर पदरी कडवटपणा येतो. आणि नऊही केंद्रं कोरी असलेले रिफ्लेक्टर शंभरात एक. मोठा निर्णय घेण्याआधी त्यांनी चंद्राचं एक पूर्ण चक्र थांबावं.

वाचताना मला याचं सौंदर्य जाणवलं, ते मी मोकळेपणानं सांगते. 'तू वाईट नाहीस, तू वेगळ्या घडणीचा आहेस' हे वाक्य या पद्धतीच्या मुळाशी आहे. आपल्या घराघरांत पित्तप्रकृती, कफप्रकृती म्हणून माणसाला समजून घ्यायची जी सवय आहे, तिची ही चुलत बहीणच. कोऱ्या केंद्राची कल्पना तर विलक्षण आहे. एकत्र कुटुंबात सासूचा राग, नवऱ्याची चिंता आणि मुलांची घाई दिवसभर अंगावर घेऊन रात्री निथळून जाणारी बाई तुम्ही पाहिली असेल. तिला हे शब्द दिलेत तर ती म्हणेल, माझंच वर्णन आहे.

पण वर्णन जुळणं आणि वर्णन खरं असणं या दोन गोष्टी मला वेगळ्या ठेवायच्या आहेत.

आधी चक्रांबद्दल, कारण तो आपला वारसा आहे. ह्यूमन डिझाइन सांगतं की माणसात पूर्वी सात केंद्रं होती आणि 1781 मध्ये, विल्यम हर्शलनं युरेनस शोधला त्या वर्षी, माणूस नऊ केंद्रांचा झाला. हे वाचून मी आपल्या परंपरेकडे वळले. 1577 मध्ये पूर्णानंदांनी लिहिलेल्या 'षट्चक्रनिरूपण' ग्रंथात सहा चक्रं आणि वर सहस्रार असा हिशेब आहे. कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायाधीश जॉन वुडरॉफ यांनी 1919 मध्ये तो इंग्रजीत नेला आणि सातचा आकडा जगभर रुजला. पण गोरक्षनाथांच्या नावावर असलेली 'सिद्धसिद्धान्तपद्धति' उघडा. तिथं चक्रं नऊ आहेत, युरेनस दिसण्याच्या कितीतरी आधी! चक्रांची संख्या संप्रदायागणिक बदलत आली, कारण ती ध्यानाची स्थानं होती. साधकानं तिथं मन कसं न्यावं, काय कल्पावं, याची ती वाट होती. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात नाथपंथाचं कुंडलिनीचं वर्णन आहे. ते साधना करणाऱ्याच्या देहात काय घडतं ते सांगतं. जन्मवेळेवरून अमक्याचं चक्र भरलेलं आणि तमक्याचं कोरं, असा न्याय त्यात नाही. आपल्या परंपरेत चक्र जागं करायचं असतं. बॉडीग्राफमध्ये ते जन्मालाच ठरलेलं आणि मरेपर्यंत तसंच राहणारं आहे. नाव तेच ठेवून अर्थ उलटा झाला, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुसरा आधार न्यूट्रिनोंचा. हे सूक्ष्म कण आकाशस्थ ग्रहांची माहिती घेऊन येतात आणि आपल्यावर ठसा उमटवतात, असं ही पद्धत म्हणते. न्यूट्रिनो खरेच आहेत. आत्ता तुमच्या अंगठ्याच्या नखातून दर सेकंदाला सूर्याकडून आलेले सुमारे 6,500 कोटी न्यूट्रिनो जात आहेत. सूर्य मावळल्यावरही ते थांबत नाहीत, अख्खी पृथ्वी भेदून पायाखालून वर येतात. पण ते कशालाच जवळजवळ शिवत नाहीत, हेच तर त्यांचं वैशिष्ट्य. आपल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांबरोबर त्यांचा माग काढायला कोलारच्या सोन्याच्या खाणीत दोन किलोमीटरहून खोल उतरले होते. 1965 मध्ये वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंच्या मोजक्या खुणा तिथं हाती लागल्या. 1987 च्या फेब्रुवारीत एका ताऱ्याचा स्फोट दिसला तेव्हा पृथ्वीवरच्या सगळ्या उपकरणांत मिळून दोन डझनांच्या आसपास न्यूट्रिनो सापडले. जो कण हजारो टनांच्या उपकरणातून असा निसटतो, तो बाळाच्या स्वभावावर मंगळाचा शिक्का मारतो हे मला पटत नाही. मंगळ काही न्यूट्रिनोंची भट्टी नव्हे. ती भट्टी सूर्य आहे.

तिसरी गोष्ट जन्मक्षणाची. आपल्या कुंडलीत लग्न असतं, ते गावागणिक आणि साधारण दोन तासांनी बदलतं. बॉडीग्राफमध्ये लग्न नाही आणि स्थानंही नाहीत. जन्मगाव विचारतात ते केवळ घड्याळाचा फरक काढण्यासाठी. म्हणजे एका मिनिटात जगात जी सुमारे अडीचशे मुलं जन्मतात, नागपूरचं, नैरोबीचं, न्यूयॉर्कचं, त्यांचा तक्ता एकच. मिनिटांचंही सोडा. सूर्य एका दारात पावणेसहा दिवस असतो आणि चंद्र सुमारे दहा तास. त्यामुळे एकाच रात्री एकाच प्रसूतिगृहात जन्मलेली बहुतेक बाळं एकाच घडणीची ठरतात. त्यातून ही गणना सायन, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेल्या, राशिचक्रावर आहे, निरयन म्हणजे ताऱ्यांवरून मोजलेल्या राशिचक्रावर नाही. आपल्याकडे सायन-निरयन वाद किती तावातावानं झाला ते ज्योतिर्विद शंकर बाळकृष्ण दीक्षितांचं नाव ऐकलेल्यांना आठवेल. दोन्हींत आज सुमारे 24 अंशांचा फरक आहे, आणि एक दार असतं साडेपाच अंशांहून थोडं मोठं. निरयन धरलं की तुमचा प्रत्येक ग्रह चार-पाच दारं सरकतो. मग कोणतं 'मी' खरं?

मग वर्णन जुळतं ते का? याचं उत्तर माझ्या वर्गात आहे. 1948 मध्ये बर्ट्रम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं 39 विद्यार्थ्यांना 'तुमचं व्यक्तिमत्त्व' म्हणून एकेक कागद दिला आणि पाचपैकी गुण द्यायला सांगितलं. सरासरी आली 4.26. सगळ्यांना एकच मजकूर दिला होता, तोही बराचसा भविष्याच्या एका स्वस्त पुस्तकातला. मी दरवर्षी हा प्रयोग करत असे. पाकिटावर प्रत्येकाचं नाव घालायचे आणि आत एकच चिठ्ठी ठेवायचे. एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलानं विचारलं, "मॅडम, हे तुम्हाला माझ्या आईनं सांगितलं का?" शेजारच्याची चिठ्ठी वाचल्यावर त्याचा चेहरा पडला, तो मी विसरलेले नाही. त्याला फसल्याचं दुःख कमी होतं. कुणीतरी आपल्याला ओळखलं असं क्षणभर वाटलं आणि ते हातातून गेलं, हे दुःख मोठं होतं.

कसोटी कशी घ्यायची हेही आपल्याला ठाऊक आहे. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी पुण्यात हुशार आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवून ज्योतिषांपुढे ठेवल्या होत्या आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातल्या मुलाची ते ओळखायला सांगितलं होतं. 27 ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. अचूकता 46 टक्के निघाली, नाणं उडवून येते तितपत. ती माहिती 2009 मध्ये 'करंट सायन्स'मध्ये छापून आली. बॉडीग्राफलाही हीच पद्धत लावता येते. प्रोजेक्टरला स्वतःचं आणि जनरेटरचं अशी दोन वर्णनं नाव न घालता द्यावीत आणि ओळखायला सांगावं. ज्यांची या पद्धतीवर श्रद्धा आहे त्यांनीच हे करावं, असं माझं आवाहन आहे.

आता भाचीकडे परत येते. पहिले दोन महिने ती खरंच बरी दिसली. संध्याकाळी लवकर आडवी होऊ लागली, नको तिथं 'नाही' म्हणू लागली. आळशी हा शब्द तिच्या डोक्यावरून उतरला, याबद्दल मी त्या तक्त्याची ऋणी आहे. मग ऑफिसात वरच्या जागेसाठी अर्ज मागवले. तिनं केला नाही. "प्रोजेक्टरनं बोलावण्याची वाट बघायची असते, मावशी." मैत्रिणींना फोन करणंही थांबलं, कारण तेही बोलावणंच हवं. थकव्याला शब्द मिळाला होता, तोच शब्द आता तिला दारातून बाहेर पडू देत नव्हता.

एका रविवारी मी तिला विचारलं, तू किती वाजता झोपतेस? रात्री दीड. किती वाजता निघतेस? सातला, दोन बस बदलून. पाळीत रक्तस्राव? खूप, गेलं वर्षभर. आम्ही रक्त तपासून घेतलं. हिमोग्लोबिन 7.8 निघालं.

तिच्यावर उपचार चालू आहेत. चौकोन अजून कोराच आहे, पण चेहऱ्यावर रंग येतो आहे. तिला हे प्रश्न विचारायला मी इतके महिने लावले, कारण मीसुद्धा तक्त्याकडेच बघत बसले होते. आळशी म्हणणाऱ्या माझ्या बहिणीनं ते विचारले नाहीत आणि त्या तक्त्यालाही ते विचारता येत नव्हते.

समोर बरीच तरुण मंडळी बसलेली दिसताहेत. तुमच्यापैकी काहींच्या मोबाइलमध्ये असा तक्ता असेल. तो पुसा असं मी म्हणणार नाही. व्याख्यान संपल्यावर मी इथंच मंडपात तासभर बसणार आहे. ज्यांना वाटेल त्यांनी जरूर यावं. तक्ता नंतर दाखवा. आधी तुम्ही रात्री किती वाजता झोपता, काय खाता आणि घरात तुम्हाला कोण काय म्हणतं, ते सांगा.