शाळांची तपासणी आणि विश्वस्तांची जबाबदारी



सार्वजनिक पैशावर चालणारी शाळा कोणाला जबाबदार असावी, हा प्रश्न वरवर पाहता व्यवस्थापनाचा वाटतो. वस्तुतः तो सत्तेचा प्रश्न आहे. इंग्लंडमध्ये गेल्या चार दशकांत त्याची जी उत्तरे दिली गेली, ती समाजवादी कार्यकर्त्यांनी बारकाईने अभ्यासावीत अशी आहेत. तेथील बदलाचा पाया हुजूर पक्षाने घातला हे खरे. पण अकादमी शाळांचा प्रारंभ मजूर पक्षाच्याच सरकारने केला, हे विसरून चालणार नाही.

१९४४ च्या शिक्षण कायद्यान्वये तेथील शाळांची जबाबदारी प्रामुख्याने लोकनियुक्त स्थानिक परिषदांकडे होती. थॅचर सरकारच्या १९८८ च्या कायद्याने राष्ट्रीय अभ्यासक्रम आणि ठरावीक वयाच्या परीक्षा आणल्या, आणि शाळांना परिषदांच्या कक्षेबाहेर पडून थेट केंद्राचे अनुदान घेण्याची मुभा दिली. १९९२ साली ‘ऑफस्टेड’ ही तपासणी यंत्रणा कायद्याने निर्माण झाली आणि शाळांच्या निकालांचे तक्ते प्रसिद्ध होऊ लागले. यामागील अर्थशास्त्र सोपे होते : पालक हा ग्राहक, शाळा हे दुकान आणि तपासणीचा शेरा ही मालावरची चिठ्ठी.

पहिल्या तीन अकादमी शाळा २००२ साली उघडल्या. गरीब वस्त्यांतील मागे पडलेल्या शाळा प्रायोजकांच्या हाती सोपवाव्यात, म्हणजे त्या सुधारतील, ही त्यामागची कल्पना. २०१० च्या मे महिन्यापर्यंत त्यांची संख्या सुमारे दोनशे होती. त्याच वर्षी आलेल्या नव्या सरकारने कायदा करून चांगल्या शाळांनाही हे दार उघडले. आज इंग्लंडमधील पाचांपैकी चारांहून अधिक माध्यमिक शाळा अकादमी आहेत आणि सरकारी खर्चाने शिकणारे निम्म्याहून अधिक विद्यार्थी त्यांत आहेत. २०१६ च्या कायद्याने तर परिषदेच्या ज्या शाळेला तपासणीत ‘अपुरी’ असा शेरा मिळेल, तिचे अकादमीत रूपांतर करणे मंत्र्यांवर बंधनकारक केले. शेरा हा निदान न राहता हस्तांतराचा हुकूम बनला.

हे सारे शाळांच्या स्वायत्ततेच्या नावाने झाले. प्रत्यक्षात स्वायत्तता कोणाला मिळाली? अनेक शाळा चालवणाऱ्या विश्वस्त संस्थेत सामील झालेल्या शाळेला स्वतंत्र कायदेशीर अस्तित्वच उरत नाही. करार असतो तो विश्वस्त संस्था आणि शिक्षणमंत्री यांच्यात. पैसा, नेमणुका आणि धोरण विश्वस्तांच्या हाती. मुख्याध्यापक त्यांचा नोकर. परिषदेच्या सभासदाला मतदार पुढल्या निवडणुकीत घरी बसवू शकतो. विश्वस्ताला पालक हात लावू शकत नाही. सत्तेचे विकेंद्रीकरण म्हणून जे सांगितले गेले, ते एकीकडे केंद्रीकरण आणि दुसरीकडे खासगीकरण ठरले.

वर विसंगती अशी, की वर्षानुवर्षे ऑफस्टेडने तपासले ते शाळेला. विश्वस्त संस्थेच्या कारभाराला तसा जाहीर शेरा नव्हता. २०१७ च्या सप्टेंबरात वेकफील्ड येथील एका विश्वस्त संस्थेने आपल्या २१ शाळा सोडून देत असल्याचे जाहीर केले. शाळांच्या शिलकीच्या रकमा संस्थेकडे वळवल्या गेल्याचा आरोप झाला. पालकांनी जाब विचारावा कोणाला, याचे सरळ उत्तर त्या व्यवस्थेत नव्हते.

उलट, शाळेवरचा दाब मात्र वाढत गेला. निकालाचा तक्ता खाली जाऊ नये म्हणून अडचणीच्या मुलांना पटावरून कमी करण्याचे प्रकार खुद्द ऑफस्टेडने नोंदवले आहेत. २०२३ च्या जानेवारीत रेडिंग येथील एका प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिकेने आत्महत्या केली. तपासणीचा तिच्या मृत्यूस हातभार लागला, असा निर्णय त्या वर्षाच्या डिसेंबरात मृत्युचौकशी अधिकाऱ्याने दिला. अखेर २०२४ च्या सप्टेंबरात एकाच शेऱ्याने सबंध शाळेचा निवाडा करण्याची पद्धत सरकारी शाळांपुरती बंद झाली.

हा धडा नवा नव्हता. १८६२ साली इंग्लंडने ‘निकाल पाहून अनुदान’ ही पद्धत आणली होती. शिक्षक घोकंपट्टी करून घेऊ लागले आणि शतक संपण्यापूर्वीच ती मोडीत काढावी लागली. तीच पद्धत मुंबई इलाख्यातील शाळांच्या अनुदानालाही लावली गेली होती. त्या काळात, १८८२ साली, महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन केले. रयतेच्या घामाचा पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो आणि रयतेची मुले कोरी राहतात, हा त्यांचा मुद्दा कोणत्याही तक्त्यापेक्षा मूलगामी होता.

तेव्हा तपासणीच नको असे म्हणावे काय? मुळीच नाही. परिषदांच्या काळातही गरीब वस्त्यांतील अनेक शाळा वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहिल्या होत्या. तपासणी नसली तर श्रीमंत पालक शाळा बदलतो. गरिबाचे मूल तेथेच राहते. प्रश्न आहे तो तपासणीनंतर काय, हा. २००३ साली सुरू झालेल्या ‘लंडन चॅलेंज’ योजनेत अनुभवी मुख्याध्यापक आणि चांगल्या शाळा यांना मागे पडलेल्या शाळांच्या मदतीस जोडून देण्यात आले. लंडनच्या प्रगतीच्या कारणांविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु शेऱ्यासोबत मदतही पोचवता येते, एवढे त्या योजनेने निश्चित दाखवले.

महाराष्ट्र शासनाने २०२३ साली कंपन्या व संस्थांना शाळा दत्तक देण्याची योजना काढली. तीत व्यवस्थापन शासनाकडेच राहते. म्हणून तिची अकादमीशी सरसकट बरोबरी करणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण इंग्लंडमध्येही आरंभी प्रायोजकाकडून अपेक्षा होती ती देणगीचीच, आणि पुढे देणगीची अट सुटली व अधिकार तेवढा राहिला.

म्हणून कार्यकर्त्यांनी आपल्या गावच्या शाळेबाबत तीन प्रश्न सतत विचारले पाहिजेत. ज्याच्या हाती पैसा, त्याची तपासणी होते काय? शेऱ्यामागोमाग शिक्षक आणि साधने येतात काय? आणि शाळेचे भवितव्य ठरते त्या बैठकीत पालकाला बसायला जागा आहे काय? या तिन्ही प्रश्नांना होकार मिळत नाही, तोवर शाळा इमारतीने गावात असेल, पण गावाची असणार नाही.