पाच ताऱ्यांची कमाई

(मंडळाच्या गणेशोत्सवात चौथ्या दिवशी संध्याकाळी केलेले भाषण)



या व्यासपीठावर दरवर्षी डॉक्टर बोलतात, प्राध्यापक बोलतात, बँकेतले अधिकारी बोलतात. टॅक्सीवाला बोलायला उभा राहण्याची बहुधा ही पहिलीच वेळ. झालं असं, की गेल्या महिन्यात आपल्या चिटणीस काकांना मी शमशाबादला विमानतळावर सोडलं. त्यांच्या फोनवर माझ्या नावापुढे ४.९१ असा आकडा होता. म्हणाले, "हे कसं जमवलंस ते मंडळात येऊन सांग. आपली तीन-चार मुलं याच धंद्यात आहेत, आणखी दोघं गाडी घ्यायच्या विचारात आहेत." मला भाषण येत नाही, गाडी येते. तेव्हा गाडीचंच बोलतो.

आधी हिशोब. उबरमध्ये चालकाचं रेटिंग म्हणजे त्याला मिळालेल्या शेवटच्या ५०० रेटिंगांची सरासरी. नवं रेटिंग आलं की सगळ्यात जुनं गळून पडतं. आता नवा मुलगा धरा, ज्याला फक्त वीस जणांनी तारे दिलेत. एकोणीस जणांनी पाच दिले, एकाने एक दिला. बेरीज ९६, भागिले २०, म्हणजे ४.८. एका माणसाने त्याला पाचावरून ४.८ वर आणलं. तोच एक तारा पाचशे रेटिंगं असलेल्याला पडला तर फरक ०.००८ चा, दिसतसुद्धा नाही. म्हणून नव्या मुलांनी पहिले दोन महिने फार जपावं. आणि जुन्यांनी एका ताऱ्यासाठी रात्रभर कूस बदलत बसू नये.

माझ्या अनुभवात दहापैकी तीन-चार प्रवासीच तारे देतात. दिवसाला दहा-बारा भाडी केली तरी पाचशे भरायला पाच महिने जातात. पडलेलं रेटिंग एका आठवड्यात वर येत नाही, आणि चढलेलं एका वाईट दिवसात जात नाही.

आता तारे कुठे जातात ते सांगतो. पहिला तारा प्रवासी गाडीत बसायच्या आधीच जातो, फोनवर. भाडं स्वीकारलं की आपली पोरं लगेच फोन करून दोन प्रश्न विचारतात, "किधर जाना है? कॅश या ऑनलाइन?" प्रवाशाला वाटतं, हा आता टाळणार. निम्म्या वेळा ते खरंही असतं. हे दोन प्रश्न सोडून द्या. फोन करायचाच तर एवढंच सांगा, "मी निघालो, पाच मिनिटांत येतो, आपण नक्की कुठे उभे आहात?" आणि समोरच्याच्या भाषेत सांगा. आपल्याला इथे मराठी घरात, दख्खनी रस्त्यावर आणि तेलुगू कामापुरती अशा तीन भाषा फुकटात मिळाल्यात. समोरून तेलुगू आवाज आला तर "एक्कड उन्नारंडी?" एवढं म्हटलं तरी माणूस निम्मा शांत होतो. काचीगुडा स्टेशन, कोठी, सुलतान बाजार इथे नकाशावरची खूण हमखास चुकते. तिथे नकाशावर विसंबू नका, दुकानाची किंवा देवळाची खूण विचारा.

दुसरा तारा डिकीत जातो. सीएनजीच्या गाडीत डिकीत सिलिंडर असतो, एक मोठी बॅग जेमतेम बसते. विमानतळाचं भाडं, चार माणसं, तीन बॅगा, आणि दारात भांडण. मी विमानतळाचं भाडं दिसलं की आधी फोनवर विचारतो, "बॅगा किती आहेत? माझी गाडी गॅसची आहे, एक मोठी आणि दोन लहान बसतील." कधी भाडं रद्द होतं, पण तारा राहतो, आणि त्या माणसाचं विमानही चुकत नाही. बॅग मात्र स्वतः उतरून उचलायची. सीटवर बसून बटण दाबून डिकी उघडणं म्हणजे "तुमचं तुम्ही बघा" असं सांगणं.

तिसरा तारा वासाचा. गाडीचा वास आपल्याला येत नाही, आपलं नाक मेलेलं असतं. घरातल्या माणसाला आठवड्यातून एकदा मागच्या सीटवर बसवून विचारा. माझी आई सांगते, आणि ती कुणाची भीड ठेवत नाही. तंबाखूवर बाजारातलं अत्तर मारू नका, दोन्ही मिळून उलटी येते. काचा खाली करून दहा मिनिटं गाडी उभी करा, पायपोस झटका, सीटचं कापड धुवा. डबा गाडीत खाऊ नका. कांदा आपल्याला गोड, मागच्याला नाही.

चौथा तारा एसीचा. यावर आपल्या शहरात बरंच रामायण झालंय. २०२४ च्या उन्हाळ्यात हैदराबादच्या चालकांनी ‘नो एसी’ अशी मोहीमच काढली होती. इंधनाचा खर्च आणि हातात पडणारा पैसा यांचा मेळ बसत नाही, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. मीही तेच म्हणतो. पण ते भांडण कंपनीशी आहे. मागे बसलेल्या गरोदर बाईशी नाही. भाडं एसीचं असेल तर प्रवासी बसायच्या आधी एसी चालू हवा. "सर, एसी लगाऊं क्या?" असं कपाळाला आठ्या घालून विचारणं म्हणजे एसीही लावायचा आणि ताराही घालवायचा.

पाचवा बोलण्याचा. पहिल्या मिनिटात नमस्कार, ओटीपी, आणि रस्त्याचा एक प्रश्न: "चांद्रायणगुट्ट्यावरून घेऊ की नकाशा दाखवतो तसा?" प्रवाशाने सांगितला तो रस्ता. आपल्याला जवळची गल्ली माहीत असली तरी विचारल्याशिवाय घुसायचं नाही, रात्री तर नाहीच. मागे एकटी मुलगी बसली असेल आणि गाडी अचानक अंधाऱ्या गल्लीत वळली, तर तिच्या पोटात काय होतं हे आपल्या बहिणीला विचारा. मग गप्प राहायचं. त्याने बोलणं काढलं तर बोला. फोन स्पीकरवर ठेवून घरचे वाद घालू नका. आरसा मागची गाडी बघायला आहे.

एवढं सगळं केलंत तर रेटिंग ४.८ च्या वर राहील. इथे भाषण संपवता आलं असतं. पण मला जो एक तारा मिळाला होता, त्याबद्दल सांगायचं राहिलं.

मी धंद्यात येऊन दोन वर्षं झाली होती. कंपनी कोणती ते सोडा. ठरावीक भाडी पूर्ण केली की वरचे पैसे मिळत. त्या दिवशी पहाटे चारला निघालो होतो आणि रात्रीचे आठ वाजले होते. दोन भाडी कमी पडत होती. काचीगुड्याला परभणीकडचं एक कुटुंब बसलं. वडील आजारी, मुलगा आणि सून. पंजागुट्ट्याला दवाखान्याजवळ त्यांना लॉजवर सोडायचं होतं. मराठी ऐकून बरं वाटलं, मी विचारपूसही केली. आणि खैरताबादच्या अलीकडे माझा डोळा लागला. किती? दोन सेकंद असेल. समोर बस. करकचून ब्रेक मारला. म्हातारबाबांचं कपाळ पुढच्या सीटवर आदळलं. रक्त आलं नाही. मुलगा काही बोलला नाही. उतरला, पैसे दिले, आणि एक तारा देऊन खाली लिहिलं: चालक झोपेत होता.

माझा आयडी तीन दिवस बंद झाला. गाडीचा हप्ता आठ दिवसांवर. मी घरी येऊन भरपूर शिव्या घातल्या. आपला माणूस असून असं केलं, मी त्यांच्याशी मराठीत बोललो, बॅगा उचलल्या, आणि पोटावर पाय दिला. आई भाजी निवडत होती. तिने मान वर न करता विचारलं, "तो खोटं बोलला का?"

मी गप्प बसलो.

केंद्र सरकारने २०२० मध्ये या कंपन्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत चालकाने दिवसाला १२ तासांपेक्षा जास्त चालवू नये आणि त्यानंतर दहा तास विश्रांती घ्यावी असं म्हटलं होतं. पण दोन कंपन्यांचे दोन फोन गाडीत असले की बारा तास मोजणार कोण? आपणच. त्या रात्रीनंतर मी बारा तासांवर फोन बंद करतो. महिन्याला कमी पैसे आले, खोटं कशाला सांगू. हप्ता भरताना दोनदा मेव्हण्याकडून उसने घेतले. पण तो एक तारा मला मिळालेल्या सगळ्या ताऱ्यांत खरा होता.

उलटेही तारे असतात. पाच माणसं एका गाडीत कोंबायला नाही म्हटलं, एक तारा. "विमान चुकतंय, पळवा" म्हणाले आणि मी वेग वाढवला नाही, दोन तारे. उलट्या दिशेने शंभर पावलं घ्यायला नकार दिला, एक तारा. पोरांनो, हे तारे जाऊ द्या. पाचशेत ०.००८. ते कमावण्यासारखे नाहीत.

आता समोर बसलेल्यांना हात जोडून दोन गोष्टी. आपल्या मराठी घरांत पूर्ण मार्क द्यायची पद्धत नाही. पोराने ९५ आणले तर "उरलेले पाच कुठे गेले?" असं विचारणारे आपण. म्हणून आपण चांगल्या चालकालाही चार तारे देतो आणि वाटतं, पाचपैकी चार म्हणजे पहिला वर्ग! पण ४.८ वाल्याला तुमचे चार खाली ओढतात. काम नीट झालं असेल तर पाच द्या. भाडं जास्त लागलं, वाहतूक अडली, नकाशा चुकला, यात चालकाचा हात नसतो. त्याची तक्रार कंपनीकडे लिहा, तारा कापू नका. आणि तुम्हालाही चालक तारे देतात हे लक्षात असू द्या. घरी गेल्यावर ॲपमध्ये आपल्या नावाखाली बघा. इथल्या काही काकांचा आकडा मला माहीत आहे, सांगत नाही.

दुसरी गोष्ट. चालक झोपेत असेल, फोनवर बोलत असेल, बेफाम चालवत असेल, तर "जाऊ दे, गरीब माणूस आहे" म्हणून पाच देऊ नका. कमी तारे द्या आणि का ते लिहा. परभणीच्या त्या मुलाने दया दाखवली असती, तर मी दुसऱ्या दिवशी पुन्हा पहाटे चारला निघालो असतो.

अनंत चतुर्दशीला हुसेनसागरच्या बाजूचे रस्ते बंद असतात, त्या दिवशी गाडी बोलावली तर चालकावर चिडू नका, मेट्रोने जा. एवढं बोलून थांबतो. माझे बारा तास संपत आलेत.

गणपती बाप्पा मोरया!